पेपरगाव

विषय एकत्र करून शिकवा, असं आम्हाला वरून सांगण्यात आलं त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या शाळेत विषय एकत्रच होते. राणीसावरगावच्या पुढे एका लहान गावातली ही जिल्हा परिषदेची शाळा. शिक्षक दोन, वर्ग पाच. पहिली आणि दुसरी मुख्याध्यापक सरांकडे. तिसरी, चौथी आणि पाचवी माझ्याकडे, एकाच खोलीत. तिसरीची कविता चालू असली की चौथीची मुलं भागाकार करता करता तिला ताल धरत, आणि पाचवीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिसरीतून येई. वेळापत्रक होतं. सर दरवर्षी जूनमध्ये ते नव्या कार्डशीटवर सुरेख अक्षरात लिहीत, लाल शाईने चौकटी आखत आणि भिंतीवर लावत. पुढचं वर्षभर ते भिंतीवर असे.

तालुक्याला प्रशिक्षण झालं तेव्हा पडद्यावर एक आंब्याचं झाड दाखवण्यात आलं. झाडातून चारी बाजूंना बाण निघाले होते. एका बाणाच्या टोकाला भाषा, एकाच्या गणित, एकाच्या विज्ञान, एकाच्या कला. आंब्यांपेक्षा बाण जास्त होते. मुलाला जग तुकड्यातुकड्यांनी दिसत नाही, मग आपण ते तुकड्यांनी का शिकवायचं, असं प्रशिक्षक म्हणाले. मला ते पटलं. परत आल्यावर सरांनी विचारलं, काय सांगितलं. मी म्हणाले, एका आंब्याच्या झाडातून सगळे विषय शिकवता येतात.

"आपल्याकडं बाभूळ हाय," सर म्हणाले आणि घंटा द्यायला गेले.

मी प्रशिक्षण मनावर घेणाऱ्यांपैकी आहे. मी वालूरची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. शिकवणाऱ्या माणसाने काही सांगितलं की ते नीट उतरवून घ्यायचं आणि घरी जाऊन तसंच करायचं, एवढ्या एका सवयीवर मी पदवीपर्यंत पोचले आणि नोकरीला लागले. ज्यांनी ही सवय लावली त्या शिक्षकांचे उपकार मी विसरत नाही. तेव्हा आंबा नाही तर नाही, दुसरं काहीतरी शोधायचं मी ठरवलं.

ते दिवस येळवसेच्या आधीचे होते. मार्गशीर्षातली अमावस्या आमच्या भागात येळवस म्हणून करतात. त्या दिवशी सगळं गाव रानात असतं. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपी, उभी करून पूजा, मग आंबील, बाजरीचे उंडे आणि भज्जी. ही भज्जी म्हणजे कांद्याची भजी नव्हे. तूर, वाल, वाटाणा, हरभरा यांचे ओले दाणे, मेथी, पालक, चुका, गाजर, कांद्याची पात, त्या वेळी रानात जे जे आहे ते सगळं एका पातेल्यात शिजवून, बेसन लावून केलेली एकच भाजी. सणाच्या आधी मुलांचं लक्ष शाळेत नसतंच. म्हटलं, लक्ष जिथे आहे तिथेच शाळा नेऊ.

कुणाच्या घरच्या भज्जीत काय काय पडतं ते मुलांनी विचारून आणलं. तिसरीने मोजलं, चौथीने त्याचे अपूर्णांक मांडले, पाचवीने कोणत्या दाण्यात काय असतं आणि ते अंगाला कसं लागतं ते लिहिलं. एका मुलाने सांगितलं, आमच्यात पूजा करत नाहीत, पण भज्जी करतात. तेही तक्त्यात गेलं. लांबच्या पाहुण्यांना रानात जेवायला बोलावणारी पत्रं झाली. एकीने मामाला बोलावताना मामीला मुद्दाम वगळलं आणि त्यावरून वर्गात बराच वेळ वाद झाला. तो वाद कोणत्या विषयात धरायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही. शेवटी मी फळ्यावर लिहिलं: तुमच्या शेताचा नकाशा काढा.

चौथीतली एक मुलगी उभी राहिली. बारीक अंगाची, दोन वेण्या घट्ट बांधलेली.

"मॅडम, आमाला शेत न्हाई. मी कशाचा काढू?"

वर्गातल्या निम्म्या मुलांना शेत नव्हतं, हे मला माहीत होतं. फळ्यावर लिहिताना ते आठवलं नव्हतं. मी म्हणाले, तुझी आई ज्या शेतात कामाला जाते त्याचा काढ.

"कोनतं? ती रोज येगळ्या शेतात जाती."

मग तिने सगळ्याच शेतांचा काढला. सुटीच्या दिवशी ती आईबरोबर वेचणीला आणि खुरपणीला जात असे. कोणता बांध कुठे वाकतो, कोणत्या विहिरीला पाणी टिकतं, जेवायला बसण्याजोगी सावली कुठे आहे, कुणाचं कुत्रं चावरं आहे, हे सगळं तिच्या नकाशात आलं. तो आम्ही वर्गात लावला आणि बाकीची मुलं त्यात आपापलं शेत शोधू लागली.

त्या आठवड्यात एक वडील फाटकापाशी मोटारसायकल थांबवून सरांशी बोलले. पोरगं म्हणतं, शाळेत भज्जी शिकवली. "घरी त्याच्या मायला येती की ती," ते म्हणाले. सरांनी त्यांना काय सांगितलं ते कळलं नाही, पण नाव पडलं ते पडलंच. पुढे आम्ही विहिरीवर एक पाठ केला, त्याला गावात विहिरीची भज्जी म्हणू लागले. मग एसटीची भज्जी, मुंग्यांची भज्जी. सकाळी खोलीच्या दारातून जाताना सर विचारत, "आज भज्जी का साधं?"

भज्जीचे फायदे होते. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग अर्धा होतो, त्या वर्षी तसा झाला नाही. वाचता न येणारी मुलं एसटीच्या पाट्या वाचायला लागली, कारण त्यांना ती बस घरून माहीत होती. शाळेत तोंड न उघडणारा एक मुलगा मुंग्यांवर इतकं बोलला की त्याला थांबवावं लागलं. तोटेही होते आणि ते मला रोज दिसत. गुण भरायचे ते ऑनलाइन आणि विषयवार. विहीर कुठे भरायची, असा रकाना तिथे नव्हता. मी विहीर वाटून द्यायची, थोडी गणितात, थोडी मराठीत, उरलेली परिसर अभ्यासात. पुस्तकातले धडे मागे राहायचे आणि मग फेब्रुवारीत आम्ही ते पळत पळत संपवायचो. आणि ज्या मुलांना पाढे म्हणायला, शुद्धलेखन लिहायला मनापासून आवडायचं ती भज्जीच्या दिवशी रुसलेली असत. एक म्हणाला होता, "मॅडम, आज काय पाठ करायचं तेच कळंना."

ती नकाशावाली मुलगी पाचवीत गेली तेव्हा, जुलैमध्ये, तिची आई शाळेत आली. खुरप्याला जाण्याआधी आली होती, डोक्याला रुमाल बांधलेला होता. पाचवीतल्या मुलांसाठी सरकारी निवासी शाळेची प्रवेश परीक्षा असते. पास झालं की सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच. तिचा अर्ज भरायचा होता. मी विचारलं, इतक्या लहान मुलीला लांब ठेवायचं तुमच्या जिवावर येणार नाही का?

"येईल की," ती म्हणाली. "पन मला सातवीतून काढलं, मॅडम. समद्यांनी मिळून काढलं. कुनी एकानं काढलं असतं तर भांडले असते. हिला तिथं घातली की बारावीपस्तोर कुनाला काढता यायचं न्हाई. घरच्यांला बी न्हाई आन् सोयऱ्यांला बी न्हाई."

हे तिने भाजीचा दर सांगावा तसं सांगितलं आणि कामाला गेली. अर्ज सरांनी त्यांच्या मोबाइलवर भरला. फोटो तीन वेळा नाकारला गेला, कारण मुलगी हसत होती.

मला चिंता नव्हती. मुलगी वर्गात सगळ्यांत तरतरीत. दिवाळीनंतर मी सराव प्रश्नपत्रिका सुरू केल्या आणि पहिल्याच पेपरात तिला वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा कमी गुण पडले. दुसऱ्यात तसंच. मी पेपर घेऊन तिच्याजवळ बसले. तिची उत्तरं चुकलेली नव्हती. तिने प्रश्न सोडून दिले होते.

भाषेत एक उतारा होता. शेतकरी रोज सकाळी उठतो, मोटार सुरू करतो, पिकाला पाणी देतो. खाली प्रश्न: शेतकरी मोटार केव्हा सुरू करतो? सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री. हा का सोडलास, मी विचारलं.

"लाईट एक हप्ता दिवसा असती, एक हप्ता रात्री. कोनता हप्ता चालू हाय ते दिलं न्हाई."

पुढचं गणित. सहा मजूर एक शेत आठ दिवसांत कापतात, तर बारा मजूर तेच शेत किती दिवसांत कापतील? चार पर्याय. हेही कोरं. हे तर सोपं आहे, मी म्हणाले.

"गुत्त्यानं का रोजानं?" तिने विचारलं.

आमच्याकडे काम दोन तऱ्हांनी होतं. रोजानं म्हणजे दिवसाची मजुरी. दिवस मावळला की सुटी. गुत्त्यानं म्हणजे शेतच अंगावर घ्यायचं, एवढ्याला एवढं, मग कधीही संपवा. दोन्ही तऱ्हांचा वेग वेगळा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. गणितात ते विचारायचं असतं हे मला माहीत नव्हतं. मी चूक केली ती अशी की हा प्रश्न सगळ्या वर्गाला विचारला.

गुत्त्यानं असेल तर बाया उन्हाच्या आत जातात आणि पाठ सरळ करत नाहीत, एक म्हणाली. दुसरा म्हणाला, रोजानं बारा बाया नेल्या तर सहांपेक्षा काम कमीच होतं, कारण बोलायला माणसं जास्त. एकीने विचारलं, त्यात लेकरं घेऊन येणाऱ्या किती. एकाचं म्हणणं होतं की मालक बांधावर बसलाय का नाही ते आधी सांगा. पुस्तकाच्या मागे उत्तर चार दिलं होतं. मी ते वाचून दाखवलं. मुलीने विचार केला.

"मंग गुत्त्यानं असंल," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "पन गुत्त्यानं असलं तर चारच्या आत हुईल, मॅडम."

मी सरांकडे गेले. सर हजेरीवर सही करत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी सही पुरी केली, पेनाला टोपण लावलं.

"तुमी तिला समदं एकात एक घालून दाखविलं," सर म्हणाले. "आता त्यातला वाटाना तेवढा येगळा काढून दे म्हनलं तर ती कसा देईल?"

मी म्हणाले, मग भज्जी बंद करू का.

"ते मी कशाला सांगू? माझ्याकडं पहिली-दुसरी हाय. माझी पोरं अजून वाटाना नाकात घालतेत."

मग मी तिला नियम सांगितला. प्रश्नात जेवढं दिलंय तेवढंच बघायचं. बाकीचं मनात आणायचं नाही. तिने ऐकलं. ती ऐकणारीच मुलगी आहे. पुढच्या पेपरात गुण वाढले, त्याच्या पुढच्यात आणखी वाढले, आईला निरोप पाठवला, आईनेही बरं वाटल्याचा निरोप पाठवला. पण आता ती मधल्या वेळेतही काही विचारेनाशी झाली. विहिरीचं पाणी मोजायचं होतं तेव्हा तिने दोर टाकला, खोली मोजली, गुणाकार केला, उत्तर दिलं आणि जागेवर जाऊन बसली. हे पाणी उन्हाळ्यात किती राहील, हे मागच्या वर्षी तिनेच विचारलं होतं. मी तिला म्हणाले, अगं, महिना कोणता ते नाही का विचारायचं? ती म्हणाली, ते दिलेलं नाही.

मला ते बघवेना. तिला निवासी शाळेत पाठवायचं तर असंच करायला हवं होतं. आणि असंच केलं तर तिथे जाणारी मुलगी कोणती, हा प्रश्न होता. असं बरेच दिवस चाललं. मग एकदा पेपर सोडवताना, बहुधा माझा चेहरा बघून, तिने हळूच विचारलं.

"मॅडम, हे मजूर कुठले हायेत?"

मी दमले होते. म्हणाले, पेपरातले.

"पेपरात कोनतं गाव हाय?"

"पेपरगाव," मी म्हणाले.

मुलांना एवढं पुरलं. तिसरीतून आवाज आला, तिथे एसटी जाते का. चौथीतून कुणीतरी सांगितलं, तिथे रेल्वे आहे. आणि ती खरंच होती, सराव पुस्तकाच्या मागच्या भागात. दोन गाड्या समोरासमोरून एकमेकींकडे निघालेल्या, कुठे भेटतील ते सांगायचं होतं. मुलांना त्यांची काळजी वाटली. शेवटी रूळ दोन आहेत असं ठरलं आणि मग सगळ्यांना बरं वाटलं. त्या दुपारी वेळापत्रकात काय होतं मला आठवत नाही. आम्ही पेपरगावाचा नकाशा काढायला घेतला. जो प्रश्न पुस्तकात सापडेल त्यातला माणूस गावात आणून ठेवायचा, हा नियम. नकाशाचं काम त्या मुलीकडे आलं, कारण नकाशे तिचे.

पेपरगाव फार व्यवस्थित गाव निघालं. तिथली झाडं रस्त्याच्या कडेने समान अंतरावर उभी होती. मजूर सगळे सारख्याच वेगाने काम करत, कुणी पाणी प्यायला जात नसे, कुणाचं मूल रडत नसे. बारा आले की काम बरोबर अर्ध्या वेळात. लाईट जात नसे. एक टाकी होती. तिला वरून एक नळ भरत होता आणि खालून दुसरा रिकामी करत होता, आणि खालची तोटी बंद करावी असं गावात कुणालाही सुचलेलं नव्हतं. पाचवीने त्यावर तिथल्या ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. मराठीच्या तासाला तो चांगला झाला. एका बापाला स्वतःचं वय माहीत नव्हतं, फक्त मुलाच्या वयाच्या चौपट आहे एवढं सांगता येत होतं. उताऱ्यांमधली मुलं रोज पहाटे उठत, खोटं बोलत नसत आणि शेवटी त्यांना बक्षीस मिळे. तिथे कुणी आजारी पडलं तर ते सुटीच्या अर्जापुरतं.

सर बघायला आले. बराच वेळ नकाशापुढे उभे राहिले. "सरपंच कोन हाय?" त्यांनी विचारलं. मुलांनी पुस्तक शोधलं. सरपंच कुठेच नव्हता. "म्हनून एवढं चांगलं चाललंय," सर म्हणाले आणि गेले.

मी स्वतः त्या गावात वाढले, हे मला त्या नकाशापुढे बसल्यावर लक्षात आलं. वालूरला माझी आईही रोजानं जायची. काळ, काम आणि वेगाची किती गणितं मी सोडवली असतील, पण ते मजूर आणि माझी आई एकाच कामाला जातात असं मला कधी वाटलं नाही. याचं मला वाईट वाटत नाही. त्या गावाने मला शिष्यवृत्ती दिली, डी.एड.ला नंबर लावून दिला, पगार सुरू केला. त्याला नावं ठेवणं मला जमणार नाही. ते एक गाव आहे आणि त्याला वेस आहे, एवढंच मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मुलांना ते सांगितलं. म्हणाले, पेपर हातात आला की वेशीच्या आत आलात. आपण तिथे पाहुणे. त्यांच्या रीतीने वागायचं, त्यांचं बरोबर म्हणायचं. पाहुण्याने भाजीत मीठ कमी आहे म्हणायचं नसतं. पेपर दिला की परत आपल्या गावात, मग काय विचारायचं ते विचारा.

"आन् पेपरात आपल्या गावचाच प्रश्न आला तर?" मुलीने विचारलं.

मी म्हणाले, येत नाही.

तिला हे जमलं. गुण टिकले आणि बोलणंही परत आलं. पेपर संपला की ती म्हणायची, "आले मॅडम गावाकडं," आणि मग त्या दिवशीच्या प्रश्नांवर जे काही मनात साठलं असेल ते सगळं काढायची.

परीक्षा थंडीत झाली, गंगाखेडला. मी तिथेच राहते म्हणून केंद्रावर गेले. आईने त्या दिवशी काम सोडलं होतं. धुतलेली साडी, पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली. पेपर चालू असताना आम्ही दोघी भिंतीच्या कडेला उन्हात बसलो. एकदा तिने विचारलं, आत पंखा असेल का. मी म्हणाले, थंडी आहे. ती म्हणाली, असंच विचारलं.

मुलगी बाहेर आली ती पॅड छातीशी धरून. आईने आधी तिला पाणी दिलं आणि मग विचारलं, समदे सोडविले का.

"एक सोडून."

कोणता, मी विचारलं. गणितातला असणार, असं मला वाटलं. तो उताऱ्यावरचा होता. आई दिवसभर शेतात राबून संध्याकाळी घरी येते. मुलगी तिला पाण्याचा तांब्या देते आणि आज शाळेत काय झालं ते सांगते. आईला काय वाटले? पुढे चार पर्याय होते: आनंद, राग, भीती, थकवा.

"मला कळंना, ते पेपरगाव हाय का आपलं गाव," मुलगी म्हणाली. "थकवा बी व्हता त्यात."

पेपरगावाचं सगळं आईला ठाऊक होतं. मुलगी रोज घरी जाऊन सांगत होती. आईने पाण्याची बाटली पिशवीत ठेवली.

"आनंद लिहायचं होतं," ती म्हणाली. "तिथं आनंदच असतोय. थकवा लिहिल्यावर कोन मार्क देतंय?"

मग त्या दोघी डबा खायला बसल्या. मुलीने जेवताना आईला विचारलं की खरं काय वाटतं. आई म्हणाली, जेव आधी. आणि जेवण झाल्यावर, डबा पुसताना, म्हणाली, रोज येगळं.

उन्हाळ्यात निकाल लागला. निवड झाली. सरांनी मोबाइलवर तीनदा नीट बघून घेतलं, मग मला फोन केला, मग त्या घरी स्वतः चालत गेले. गावात कुणी पेढे वाटले नाहीत, पण फाटकापाशी मोटारसायकल थांबवणारे ते वडील पुन्हा थांबले आणि त्यांनी मला विचारलं की पाचवीला पेपरगाव कधी घेणार. भज्जीचं त्यांनी काही काढलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर आई दाखला न्यायला आली. मुलगी बरोबर होती, नवी पेटी घेऊन ती दुसऱ्या दिवशी निवासी शाळेत जायची होती. धाकटा मुलगाही होता. तो दुसरी पास होऊन तिसरीत, म्हणजे माझ्या खोलीत येणार होता. सर दाखला लिहीत होते आणि त्यांचं अक्षर सुरेख असल्यामुळे वेळ लागत होता. मुलगी तोवर वर्गात जाऊन भिंतीवरच्या पेपरगावात टाकीची खालची तोटी कुणी पुसली का ते बघून आली. कुणी पुसली नव्हती.

मी आईला सांगितलं, तुमची मुलगी तिथे पण प्रश्न विचारेल, विचारू द्या. कुणी रागावलं तर मला कळवा. आई म्हणाली, विचारू द्या की. मग तिने धाकट्याला खांद्याला धरून पुढे केलं.

"पन ह्याला पहिल्यापासून पेपरगावातच ठेवा, मॅडम," ती म्हणाली. "आपलं गाव मी दाखविते त्याला."

हे ती मनापासून म्हणत होती. मोठीच्या वेळी किती थोडक्यात निभावलं ते तिने बघितलं होतं, आणि दुसऱ्यांदा तेवढी जोखीम घ्यायची तिची तयारी नव्हती. सरांनी शिक्का मारला. मान वर केली नाही. मी त्या दिवसासाठी मुंग्यांची भज्जी काढून ठेवली होती. मातीने भरलेली काचेची बरणी टेबलावर होती आणि तिसरीची मुलं तिच्याभोवती जमली होती. मी म्हणाले, बघते. याहून जास्त काही कबूल करणं मला जमलं नाही.

मुलगा दारात उभा राहून बरणीकडे बघत होता.

"कुठं बसू?" त्याने आईला विचारलं.

"मॅडम सांगतेत तिथं," ती म्हणाली, आणि दाखला पिशवीत ठेवून मुलीला घेऊन निघाली.